नंदिगड्ड्याहून कॉम्प्युटर सायन्सला

जोयडा तालुक्यातल्या घरात मुलाने किंवा मुलीने ‘कॉम्प्युटर सायन्स घेणार’ म्हटलं की पहिली चर्चा होते लॅपटॉपची आणि दुसरी रेंजची. लॅपटॉपचे पैसे कुठून उभे करायचे आणि सुट्टीत नंदिगड्ड्यासारख्या गावाला आल्यावर नेटशिवाय अभ्यास कसा करायचा? दोन्ही काळज्या खऱ्या आहेत, पण लोक त्यांना देतात तेवढं महत्त्व मी देणार नाही. या शाखेत मुलं मागे पडतात ती बहुधा रोज स्वतःच्या हाताने प्रोग्रॅम न लिहिल्यामुळे. नेट भरपूर असलेल्या हॉस्टेलमध्येही ती तशीच मागे पडतात.

आणि नेटचं म्हणाल, तर तुम्ही शिकणार ते काय आहे हे एकदा पाहा. सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची डाइक्स्ट्रांची पद्धत १९५९ सालची. टोनी होअर यांचा क्विकसॉर्ट १९६१ मध्ये छापून आला. तक्त्यांच्या रूपातल्या डेटाबेसची मांडणी एडगर कॉड यांनी १९७० मध्ये केली. सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास घडवली. आपण ज्याला नेट म्हणतो ते वेब जगासमोर आलं १९९१ मध्ये. म्हणजे पहिल्या दोन-अडीच वर्षांतला बराचसा अभ्यासक्रम वेबच्या आधीचा आहे. एक साधं मशीन, एक चांगलं पुस्तक आणि कोरे कागद एवढ्यावर तो शिकता येतो. हे ध्यानात ठेवलं की गावात घालवलेले आठवडे वाया जाण्याची भीती निम्मी होते.

आधी प्रवेशाचं बोलू, कारण तिथे हुकलं तर नंतर भरून काढणं कठीण असतं.

कर्नाटकात इंजिनिअरिंगच्या सरकारी वाट्याच्या जागा सीईटीवरून भरल्या जातात आणि ते काम कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे केईए, करतं. ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी त्यात १५ टक्के आणि कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी ५ टक्के राखीव जागा असतात. दोन्हींना अट एकच: पहिली ते दहावी, सलग दहा वर्षं. मराठी शाळेत शिकलेल्याला दुसरी सवलत मिळत नाही, पण पहिली मिळते, कारण ग्रामीण कोटा माध्यम विचारत नाही. मेख आहे ती वेगळ्याच ठिकाणी. पोर हुशार आहे म्हणून पाचवीला किंवा आठवीला दांडेलीत मावशीकडे ठेवायचं आणि तिथल्या इंग्रजी शाळेत घालायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. दांडेली हे नगरपालिकेचं शहर. तिथल्या शाळेत दोन वर्षं गेली तरी दहा वर्षांची साखळी तुटते आणि १५ टक्क्यांचा दरवाजा बंद होतो. दांडेलीला पाठवूच नका असं माझं म्हणणं नाही, चांगल्या शाळेचं मोलही मोठं आहे. पण हा हिशेब मुलगा पाचवीत असताना मांडायचा असतो. बारावीनंतर तो कळून उपयोग नाही.

कागदपत्रं सीईटीचा अर्ज भरण्याआधीच उरका. शाळेच्या अभ्यासाच्या दाखल्यावर बीईओंची, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांची, सही लागते. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून निघतो आणि त्यावरचा आरडी नंबर सीईटीच्या अर्जात भरावा लागतो. नावाकडे फार बारकाईने लक्ष द्या. वेळीप हे आडनाव दहावीच्या मार्क्सकार्डावर इंग्रजी व्ही लावून आणि आधारवर डब्ल्यू लावून आलं, की पुढची चार वर्षं प्रत्येक खिडकीवर खुलासा करत बसावं लागतं. वडिलांचं नाव मध्ये की शेवटी, हाही असाच एक घोळ. मार्क्सकार्ड, आधार आणि बँकेचं पासबुक या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर एकच असू द्या. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्याच्या एसएसपी पोर्टलवर करायचा असतो आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच पडतात. अर्ज मंजूर, पण पैसे नाहीत, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांच्या खात्याला बऱ्याचदा आधारच जोडलेलं नसतं. बँकेत जाऊन हे एकदा स्पष्ट शब्दांत विचारून घ्या.

मागास वर्गातल्या मुलांसाठी मोठ्या गावांत सरकारी पोस्ट-मॅट्रिक हॉस्टेलं आहेत. तिथे जागा न मिळालेल्यांना राहण्या-जेवणासाठी विद्यासिरी योजनेची मदत असते. शिवाय प्रत्येक शाखेत काही जादा जागा असतात, त्यांना एसएनक्यू म्हणतात. उत्पन्नाच्या अटीत बसलात तर तिथे शिकवणी फी माफ होते. केईएच्या अर्जात त्यासाठी वेगळी नोंद करावी लागते. सायबर कॅफेतल्या माणसाच्या हातात अर्ज देऊन बाहेर चहा प्यायला जाल, तर ती राहून जायची. शेजारी बसून भरा.

आता कुठे शिकायचं. नंदिगड्ड्याहून दांडेलीमार्गे सोयीचं पडतं ते हल्याळ. तिथे कर्नाटक लॉ सोसायटीचं विश्वनाथराव देशपांडे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. त्याच संस्थेचं बेळगावचं गोगटे इन्स्टिट्यूट १९७९ पासूनचं. धारवाड-हुबळीकडे एसडीएम कॉलेज आहे, आणि १९४७ साली सुरू झालेलं बीव्हीबी कॉलेज आज केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखलं जातं. घाट उतरलात तर कारवारला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं, म्हणजे व्हीटीयूचं, मुख्यालय बेळगावलाच आहे. जेईईत चमकलात तर धारवाडला आयआयटी आणि ट्रिपल आयटी दोन्ही आहेत. इंजिनिअरिंगच हवं असंही नाही. कर्नाटक विद्यापीठाच्या कॉलेजांतून बीसीए करून पुढे एमसीए करता येतं, खर्च कमी येतो आणि गणिताचा ताणही थोडा हलका असतो. (हे विद्यापीठ १९४९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि वर्षभरात धारवाडला आलं. तेव्हा आपला कारवार जिल्हा मुंबई इलाख्यात होता.) दहावीनंतर डिप्लोमा केलेल्यांना डीसीईटी देऊन थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. हातात कौशल्य असलेल्या मुलाला हा रस्ता उत्तम, पण आपल्याकडे त्याकडे उगाच नाक मुरडतात.

शाखेच्या नावावरून भांडण होतं ते मला पटत नाही. कॉम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन सायन्स, एआय-एमएल या पाट्या वेगळ्या असल्या तरी पहिल्या दोन वर्षांतले विषय मोठ्या प्रमाणात तेच असतात: सी, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, अल्गोरिदम, डेटाबेस. जवळच्या कॉलेजात इन्फर्मेशन सायन्स सरकारी फीमध्ये मिळत असेल, तर एआय या दोन अक्षरांसाठी मॅनेजमेंट कोट्यात लाखो रुपये ओतू नका. बागेतल्या सुपारीचे पैसे त्याहून चांगल्या कामाला येतील.

पहिलं सेमिस्टर भाषेचं असतं असं म्हणायला हरकत नाही. घरी कोकणी, शाळेत मराठी किंवा कन्नड आणि कॉलेजात एकदम इंग्रजी. लेक्चरर मधूनमधून कन्नडमध्ये समजावतात, शंकाही कन्नडमध्ये विचारता येतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. रोज ठरलेल्या पुस्तकाचं एकच पान नीट वाचा, त्यातलं न कळलेलं वाक्य वहीत उतरवा आणि रात्री रूममेटला ते आपल्या भाषेत सांगून बघा. तांत्रिक पुस्तकांचं इंग्रजी कथा-कादंबऱ्यांपेक्षा सोपं असतं, तेच तीनशे-चारशे शब्द फिरून फिरून येतात. दिवाळीपर्यंत ते अंगवळणी पडतं. व्हीटीयूच्या पहिल्या वर्षात कन्नडचा एक छोटा पेपर असतो, कन्नड येणाऱ्यांना वेगळा आणि न येणाऱ्यांना बोलीपुरता. रामनगरकडच्या मराठी शाळांतून आलेल्यांनीही त्याचा धसका घेऊ नये. बसमध्ये आणि बाजारात तुम्ही जे बोलता त्याच्या पुढचं त्यात फारसं नसतं.

गणित मात्र हलक्यात घेऊ नका. पहिल्या वर्षी बॅक राहते ती बहुधा मॅथ्समध्ये, आणि एकदा राहिलेली बॅक पुढच्या सेमिस्टरच्या वेळेवर डल्ला मारते.

हॉस्टेलचा दिवस कसा जातो ते पाहा. नऊच्या सुमारास वर्ग सुरू, साडेचार-पाचला सुटका, मग मेसचा चहा, थोडं क्रिकेट, मग लॅब रेकॉर्ड लिहिणं, जेवण, मोबाइल. प्रत्येक विषयाची लॅब आठवड्यातून एकदा, दोनेक तासांची. त्यातला बराच वेळ फळ्यावरचं उतरवण्यात आणि ऑब्झर्व्हेशन बुकवर सही घेण्यात जातो. म्हणजे कॉलेजच्या भरवशावर राहिलात तर आठवड्यात प्रत्यक्ष स्वतः विचार करून टाइप करण्याचे तास दोन-तीनच्या वर जात नाहीत. पोहायला काठावर बसून शिकता येत नाही, तसलंच हे. म्हणून माझा आग्रह एका तासाचा आहे: सकाळी, कॉलेजआधी, मोबाइल बंद ठेवून. रात्रीचा तास ठरवला तर तो गप्पांत जातो आणि पहाटे दोनपर्यंत जागरण होतं. पहाटे दोनपर्यंत कोडिंग करणाऱ्यांच्या गोष्टी ऐकायला छान असतात, पण नऊच्या वर्गात तेच डुलक्या घेत असतात आणि ८५ टक्के हजेरीच्या नियमाला शेवटी धावाधाव करतात.

त्या तासात काय करायचं, ते एका उदाहरणावरून सांगतो. त्यासाठी नेटही लागत नाही आणि उत्तर बरोबर आहे का हे विचारायला कुणी सरही लागत नाहीत. देवळालीच्या शाळेत गणित शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ साली एक गंमत जगापुढे मांडली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान करा आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत तुम्ही ६१७४ वर येता आणि तिथेच अडकता. ३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४.

आधी हे कागदावर चार-पाच संख्यांनी करा. मग सीमध्ये लिहा. दहाने भागून बाकी काढायची, अंक सुटा करायचा, उरलेल्या संख्येला पुन्हा दहाने भागायचं, संख्या शून्य झाली की थांबायचं, अशी सरळ पद्धत बहुतेक जण लिहितात. ३५२४ ला ती चालते. मग २१११ देऊन बघा. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. आता प्रोग्रॅमला तीनच अंक मिळतात, तो ९९९ मधून ९९९ वजा करतो आणि शून्यावर येऊन बसतो. कागदावर तुम्ही ०९९९ धरलं असतंत, ९९९० मधून ते वजा करून ८९९१ काढलं असतंत आणि पुढे ८०८२, ८५३२ असं करत ६१७४ ला पोचला असतात. डोक्यात गृहीत धरलेला तो एक शून्य यंत्राला कुणी सांगितलाच नव्हता. अंक काढण्याची फेरी बरोबर चार वेळा फिरवली की दुरुस्ती झाली. प्रोग्रॅमिंगमधल्या निम्म्या चुका याच जातीच्या असतात.

शून्यावरून आणखी एक. तपासायला म्हणून प्रोग्रॅममध्ये थेट ०३७८ लिहिलंत तर कंपायलर तक्रार करील, कारण सीमध्ये सुरुवातीचा शून्य म्हणजे आठच्या पायावरची संख्या आणि त्या पद्धतीत ८ हा अंकच नाही. ०३७७ लिहिलंत तर मात्र तक्रारही येत नाही, गुपचूप २५५ धरलं जातं. ही दुसरी चूक जास्त छळते.

मग १००० ते ९९९९ पर्यंतच्या सगळ्या योग्य संख्या फिरवून सर्वांत जास्त फेऱ्या किती लागतात ते काढा. आकडा सातच्या पुढे गेला तर प्रोग्रॅममध्ये गडबड आहे. तीन अंकी संख्यांना लावा, ४९५ मिळेल. दोन अंकी संख्यांना लावलात तर प्रोग्रॅम थांबणारच नाही, कारण तिथे ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असं चक्र आहे. चक्र ओळखून थांबायचं कसं? हा प्रश्न तुम्हाला तिसऱ्या सेमिस्टरच्या डेटा स्ट्रक्चर्समध्ये लिंक्ड लिस्टच्या रूपात पुन्हा भेटेल. एका शाळामास्तरांच्या छंदातून आठवडाभराचा अभ्यास निघतो तो असा.

हाच प्रोग्रॅम चॅटजीपीटी काही सेकंदांत लिहून देतो, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. वापरू नका असं सांगून कुणी ऐकणार नाही. मी एवढंच म्हणेन की पहिली दोन वर्षं त्याला उत्तर मागू नका, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधली चूक समजावून मागा. विद्यापीठाच्या लॅब परीक्षेत प्रोग्रॅम चिठ्ठीने मिळतो. तो कागदावर लिहायचा, चालवून दाखवायचा आणि परीक्षकांच्या तोंडी प्रश्नांना उत्तरं द्यायची. प्रोग्रॅम बदलून मागता येतो, पण गुण कापले जातात. ‘ही ओळ काढली तर काय होईल’ एवढा एकच प्रश्न स्वतः लिहिणारा आणि उतरवणारा यांना वेगळं करतो.

लॅपटॉपकडे येतो. नवा, चकचकीत, गेमिंगचा अजिबात नको. कंपन्यांनी वापरून काढलेले ऑफिसचे लॅपटॉप दुरुस्त करून विकतात ते घ्या. आठ जीबी रॅम आणि एसएसडी असली की चार वर्षं निघतात. विंडोज रखडत असेल तर लिनक्स टाका, तसाही ऑपरेटिंग सिस्टिमच्या विषयाला तो लागणारच आहे. नव्या बॅटरीवर मात्र पैसे खर्च करा, ती गावाकडे कामाला येते. पहिल्या सेमिस्टरला लॅपटॉप नसलाच तर फोनवर टर्मक्स नावाचं ॲप टाकून, त्याला साधा कीबोर्ड जोडून सी आणि पायथॉन दोन्ही चालवता येतात. डोळे शिणतात, पण काम अडत नाही.

आता गावाकडच्या सुट्टीचं. सेमिस्टरची सुट्टी अनेकदा पावसात येते. सुप्याच्या धरणाचं पाणी नागझरीच्या वीजघरात टर्बाइन फिरवतं, घाटाखाली कैगाला अणुवीज तयार होते आणि मधल्या जंगलातल्या आपल्या घरांत तारेवर झाड पडलं की दिवे जातात. वीज गेली की टॉवरची बॅटरी उतरते आणि रेंजही जाते. यावर चिडण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. २०२० च्या टाळेबंदीत डोंगराळ भागातली मुलं रेंजसाठी टेकड्या चढून ऑनलाइन वर्गाला बसत होती, ते कौतुकाने सांगण्यासारखं मुळीच नव्हतं. पण अभ्यासाचा आराखडा त्या तारेवर टांगू नका. हॉस्टेल सोडण्याआधी दोन दिवस, वायफाय चांगलं असताना, सामान भरा.

पहिलं म्हणजे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे धडे. सी, पायथॉन, लिनक्स असे विषय, दहाएक मिनिटांचा एकेक धडा, आणि त्यांतल्या पुष्कळांना मराठी आणि कन्नड आवाजही दिलेला आहे. धडा थांबवत थांबवत शेजारी स्वतः करून बघायचं, अशी त्यांची रचनाच आहे. मोठ्या विषयांसाठी एनपीटीईएलची व्याख्यानं उतरवून घ्या, पण एका सुट्टीत एकच विषय. पाच विषयांचे दोनशे व्हिडिओ पेनड्राइव्हवर नेणारा एकही बघत नाही. भाषांची आणि लायब्ररींची माहितीपत्रकं नेटशिवाय वाचण्यासाठी झील नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे, विकिपीडियासाठी किविक्स आहे. पायथॉनची पॅकेजं लागणार असतील तर पिपच्या डाउनलोड या आज्ञेने ती आधीच एका फोल्डरमध्ये साठवा, नंतर त्या फोल्डरमधून बसवता येतात. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका छापूनच न्या. दिवे नसताना छापील कागदच वाचता येतो.

गिट वापरायला पहिल्याच वर्षी शिका. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते तयार केलं. त्यात कामाचा सगळा इतिहास तुमच्याच मशीनवर राहतो, त्यामुळे रोजचं काम नोंदवायला नेट लागतच नाही. जोयड्याला बाजाराला गेलात किंवा वाटेत रेंजच्या जागी थांबलात, की दोन मिनिटांत आठवड्याचं काम गिटहबवर चढतं. अल्गोरिदमचा विषय तर कागदावरच जास्त पक्का होतो. आठ आकडे घेऊन क्विकसॉर्टच्या प्रत्येक पायरीला कुठला आकडा कुठे गेला ते ओळीने लिहा. परीक्षेत तेच विचारतात.

घरच्यांसाठीही दोन शब्द. सुट्टीवर आलेला मुलगा दिवसभर लॅपटॉपसमोर बसला तर तो टाइमपासच करतोय असं धरून चालू नका, आणि खरंच करत असेल तर तेही ओळखायला शिका. ‘आज काय लिहिलंस, चालवून दाखव’ म्हणा. तुम्हाला सी येत नसलं तरी दाखवताना त्याचा चेहरा सांगतो. लावणीच्या दिवसांत शेतात हात हवा असेल तर जरूर बोलवा, सकाळचा एक तास तेवढा सोडा.

गुणांचा हिशेब थोडक्यात. व्हीटीयूच्या २०२२ च्या योजनेत प्रत्येक विषयाचे ५० गुण सेमिस्टरभराच्या इंटर्नल्सचे आणि ५० सेमिस्टरअखेरच्या परीक्षेचे. इंटर्नल्समध्ये किमान २०, परीक्षेत किमान १८, आणि दोन्ही मिळून ४०. १८ आणि २० मिळून ३८ होतात, त्यामुळे दोन्हीकडे काठावर राहिलात तर नापास. इंटर्नल्स लक्ष देऊन केलीत तर परीक्षेचं ओझं खूप हलकं होतं. स्वायत्त कॉलेजांचे नियम त्यांचे त्यांचे, ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

पदवीसाठी एआयसीटीईचे १०० ॲक्टिव्हिटी पॉइंटही लागतात, डिप्लोमाहून आलेल्यांना ७५. समाजोपयोगी कामाचे हे गुण पुष्कळ जण शेवटच्या वर्षी कुठल्या तरी शिबिरातून घाईघाईने गोळा करतात. तुम्ही ते गावातच मिळवा, फक्त काम सुरू करण्याआधी कॉलेजकडून मान्यता घ्या. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचंही तसंच. चेहरा ओळखून हजेरी घेणारी यंत्रणा दरवर्षी प्रत्येक वर्गात दोघे-तिघे करतात, परीक्षक ती बघून कंटाळलेले असतात. आपल्या तालुक्यात कुणबी घरांत मुडली, कोन आणि इतर कंदांचे कितीतरी प्रकार जपलेले आहेत, जोयड्याला त्यांचा मेळा भरतो. कुणाकडे कुठला प्रकार आहे, लावणी कधी, काढणी कधी, बियाणं कुणाकडून आलं, याचा नीट डेटाबेस आणि रेंज नसतानाही चालणारं एक साधं ॲप, हा प्रोजेक्ट होऊ शकतो. रेंज आली की फोनमधली नोंद मूळ डेटाबेसशी जुळवायची, आणि दोघांनी एकच नोंद बदलली असेल तर कुणाची धरायची? हा कॉम्प्युटर सायन्समधला खराखुरा, अवघड प्रश्न आहे. मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येतं, आणि हुबळी-पुण्याच्या मुलाला तो सुचण्याची शक्यता कमी.

कंपन्या कॉलेजात येतात त्या साधारण सातव्या सेमिस्टरला. बऱ्याच कंपन्यांची अट असते दहावी, बारावी आणि पदवी तिन्हींत ६० टक्के आणि चालू बॅक एकही नको. पहिली चाळणी ऑनलाइन टेस्टची: थोडं गणित, थोडं इंग्रजी आणि दोन-तीन प्रोग्रॅम. ज्याने तीन वर्षं सकाळचा तास सांभाळला त्याला प्रोग्रॅमची वेगळी तयारी फारशी लागत नाही, वेग वाढवायला महिनाभर सराव पुरतो. कंपनीत लगेच जायचं नसेल तर फेब्रुवारीतली गेट परीक्षा आहे, शंभर गुणांची, तीन तासांची. तिच्यावर आयआयटीत एमटेकला प्रवेश मिळतो आणि दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन. दुसऱ्या वर्षापासूनच डिस्क्रीट मॅथ्स आणि ऑपरेटिंग सिस्टिम मन लावून केलं असेल तरच या वाटेला जा.

आणि ऑनलाइन टेस्ट गावातून देण्याचं धाडस करू नका. कॅमेरा चालू ठेवावा लागतो, आणि मध्येच लाइन गेली तर टेस्ट पुन्हा सुरू होईलच असं नाही. सण असो, घरचं कार्य असो, आदल्या दिवशी दुपारपर्यंत हॉस्टेलवर पोचलेले असा. पावसाळ्यात कारवारला जाणार असाल तर अणशी घाटात दरड पडू शकते हे धरून आणखी एक दिवस आधी निघा. हॉस्टेलचं वायफाय त्या वेळी अख्खा वर्ग वापरत असतो, म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिम आणि हॉटस्पॉट तयार ठेवा, आणि आधार, कॉलेजचं ओळखपत्र, दोन कोरे कागद व पेन टेबलावर आधीच काढून ठेवा.